खांबांवरचं घर, खड्ड्यातला माग

३ नोव्हेंबर

डॉक्टरांनी खांद्याला तीन आठवडे विश्रांती सांगितली. उजवा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, झटका द्यायचा नाही, मागावर बसायचं नाही. डाव्या हातानं चालेल का, असं मी विचारलं. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

मागावर अप्पारावांच्या मुलीची शाल आहे. उभा ताणा सुती, फूल रेशमी, आमच्या जुन्या हिमरू विणीची नक्षी. फुलांच्या चाळीस ओळी. चौदा झाल्या. राजनंदिनीचं लग्न अठ्ठावीसला. पंचेचाळीस वर्षांत घेतलेलं काम मी परत दिलेलं नाही. आता अप्पारावांना 'नाही' म्हणावं लागेल. हे वाक्य लिहायला वेळ लागला.

घरात दुसरा हात नाही. मुलाला, ओवैसला, तीन वर्षं शिकवलं. तो वाळूजला कंपनीत गेला. तिथं यंत्र चुकलं तर यंत्राला बोलतात, म्हणून त्याला ते आवडतं. मुलीनं, तहरीमनं, गेल्या वर्षी विचारलं होतं, मी बसू का मागावर. मी नाही म्हणालो. आमच्याकडं बायका कांड्या भरतात, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसवायचं सूत गुंडाळून देतात. विणायला मागाच्या खड्ड्यात उतरत नाहीत. अब्बांनी माझ्या बहिणींनाही उतरू दिलं नव्हतं. त्यात कुणाचा अपमान नाही. रीत आहे.

माझ्यानंतर हा माग चालणार नाही. हेही लिहून ठेवतो.

४ नोव्हेंबर

तहरीमनं मला सहलीला पाठवायचं ठरवलं आहे. एकट्याला. तिनं कुठंतरी पाहिलं की आसामात ब्रह्मपुत्रेच्या मधोमध माजुली नावाचं बेट आहे. तिथं मिसिंग नावाचे आदिवासी राहतात. त्यांची घरं खांबांवर, आणि घराघराखाली माग.

मी म्हणालो, जायचंच तर अजमेरला जाऊ, सगळे जाऊ. ती म्हणाली, माझ्या कंपनीत ऑडिट आहे, सुट्टी मिळणार नाही. अम्मीच्या गुडघ्याला होडी झेपणार नाही. आणि घरात राहिलात तर चौथ्या दिवशी खड्ड्यात उतराल.

बायको, शमशाद, एरवी मला जवळच्या बिडकीनलाही एकटं सोडत नाही. आज म्हणाली, "जाओ जी. नक्को फिकर करो घर की." म्हणता म्हणता तिनं तहरीमकडं पाहिलं. तिला माझा आजार जड जात असावा.

ही डायरी मराठीत आहे कारण शमशादला मराठी वाचता येत नाही आणि मुलांना माझं अक्षर वाचता येत नाही. आणि मराठीचे वैजनाथ मास्तर म्हणायचे, वहाब, विशेषण काढून बघ, वाक्य उभं राहतं का. त्यांच्याइतकं नीट दुसऱ्या कुणी मला काही शिकवलं नाही, अब्बांखेरीज.

७ नोव्हेंबर, जोरहाट

काल दोन विमानं, आज गुवाहाटीहून सात तास बस. त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा एकटा इतका लांब आलो. कुठंही चुकलो नाही. विमानतळावर पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवायचा असतो हे पुढच्याचं बघून केलं. मागच्यानं माझं बघून केलं.

जुम्म्याची नमाज बसमध्ये गेली.

८ नोव्हेंबर, माजुली

निमाती घाटावरून बोट. बोटीत माणसं, मोटारसायकली, कोंबड्यांची टोपली, एक जीपगाडी. गोदावरीला पूर आलेला मी पैठणला पाहिला आहे. ही नदी पूर नसतानाही तशी आहे. दीड तास पाणी आणि वाळू.

दिगंत पेगू न्यायला आला होता. चाळिशीचा आहे. चाकणला चार वर्षं सिक्युरिटीत होता. हिंदी चांगलं बोलतो. मराठीत त्याला "जेवण झालं का" आणि काही शिव्या येतात. पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही ऐकवलं.

घर बांबूचं, खांबांवर, माझ्या डोक्याएवढं उंच. पूर आला की पाणी खालून जातं. ओंडक्याला खाचा पाडून शिडी केली आहे. खांद्यामुळं मला दिगंतनं मागून ढकललं. वर मधोमध चूल. तिच्यावर टांगलेल्या फळीवर मासे सुकत होते.

घराखाली त्याच्या आईचा माग. मागापासून चार हातांवर डुकरं. मी दुसऱ्या बाजूला सरकलो. 

जेवायला बसताना त्यांनी भाताची दारू पुढं केली. पाहुण्याला देतात. मी नको म्हणालो. आईच्या, म्हणजे जुनाकीबाईंच्या, चेहऱ्यावरून वाटलं की मी त्यांची भाकरी परत केली. दिगंतनं समजावलं. मग माझ्यासाठी नवं भांडं काढून त्यात मासा आणि पालेभाजी शिजवली. दुसऱ्या भांड्यातलं काही त्यात पडणार नाही, असं दिगंतनं मला न विचारता सांगितलं. मी दोनदा भात घेतला.

९ नोव्हेंबर

सकाळपासून जुनाकीबाईंचा माग पाहतो आहे. सत्तरीच्या असतील. माझ्याहून हात जलद. नक्षीसाठी आमच्यासारखे भोकांचे पुठ्ठे नाहीत. ताण्यात बांबूच्या काड्या खोचल्या आहेत, बाकी डोक्यात. लाल कापडावर काळ्या चौकटी. कडा सरळ. मी कडाच आधी पाहतो. कडेवरून विणकर कळतो.

मी माझ्या शालीचा फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्याजवळ नेला, मग लांब नेला. सून धावत वर जाऊन चष्मा घेऊन आली. पुन्हा पाहिलं. दिगंतला काहीतरी म्हणाल्या. तो म्हणाला, आई म्हणते, हे माणसाच्या हातचं आहे यावर विश्वास बसत नाही.

मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. रात्री कळलं, माणसाच्या म्हणजे पुरुषाच्या.

दुपारी घरी फोन केला. पलीकडून ठोका ऐकू आला. विणलेली ओळ घट्ट बसवायला फणी मारतात तसा, दोन वेळा. मी विचारलं, काय चाललंय. शमशाद म्हणाली, शेजारी खिळे ठोकतायत. कान मागानं इतके भरलेत की खिळेही तसेच ऐकू येतात. किंवा इथल्या मागाचा आवाज असेल. पण जुनाकीबाई तेव्हा शेतावर होत्या.

१० नोव्हेंबर

आज घडलेलं नीट लिहितो.

घरातले सगळे भातकापणीला गेले होते. मी खाली बसलो होतो. मागावर कडेपासून सातवा धागा तुटलेला दिसला. आमच्याकडं कुठल्याही मागावर तुटका धागा दिसला की ज्याला दिसला त्यानं गाठ मारायची. माग कुणाचाही असो. विचारायचं नसतं. वाटेत दगड दिसला तर आपण विचारून उचलत नाही. मी पाटावर बसलो, दोन्ही टोकं ओढली, गाठ मारली, टोकं दातांनी तोडली. आमची गाठ इतकी बारीक असते की फणीतून अडखळत नाही. एक ओळ मारूनही पाहिली, डाव्या हातानं, हळू. खांदा दुखला नाही.

तेवढ्यात जुनाकीबाई आणि शेजारच्या दोघी आल्या. मला मागावर बसलेला पाहून तिघी थांबल्या. मग शेजारच्या दोघी हसायला लागल्या. एक तर खांबाला धरून हसत होती. जुनाकीबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला हातानं उठायची खूण केली. बसल्या, माझी ओळ उसवली. मग माझी गाठ शोधली. सापडायला वेळ लागला, एवढं मी पाहिलं. ती कापली. त्या जागी स्वतःची मारली. मोठी, ओबडधोबड.

माझी गाठ कधी कुणी कापली नव्हती. अब्बांनीही नाही.

दिगंत आल्यावर मी त्याला विचारायला लावलं. तो म्हणाला, आमच्यात पुरुष मागावर बसत नाहीत. आई म्हणते, गाठ चांगली होती. पण पुरुषाची होती.

मला राग आला. मी म्हणालो, "गाठीला काय कळतं ती कुणी मारली? हाताला येतंय की नाही, एवढंच बघायचं असतं. मी पंचेचाळीस वर्षं विणतोय. मी पुरुष आहे म्हणून माझा हात खोटा?"

दिगंतनं हे सगळं सांगितलं. जुनाकीबाईंनी ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, तुझ्या घरी बायको बसते का मागावर? मी म्हणालो, नाही, आमच्याकडं बायका कांड्या भरतात. मुली? मी म्हणालो, मुलीही.

दिगंतनं भाषांतर केलं आणि त्या जुनाकीबाई, ज्या सकाळी हसल्या नव्हत्या, इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. यात हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही. मी सरळ उत्तर दिलं होतं.

जेवलो नाही. नंतर जेवलो.

११ नोव्हेंबर

सकाळी जुनाकीबाईंनी माझ्यापुढं सुताची लड आणि रिकाम्या कांड्यांची टोपली ठेवली. दिगंत म्हणाला, आई म्हणते बसून कंटाळशील, हे चालेल. आणि यात खांदा लागत नाही.

पंचेचाळीस वर्षं मी भरलेली कांडी हात मागं करून घेतली आहे. मागं न बघता. ती तिथं असायचीच. आज भरायला बसलो. पहिल्या चार त्यांनी परत केल्या. सैल. पाचवी दाबून पाहिली आणि ठेवून घेतली. दुपारपर्यंत एकही परत आली नाही.

तहरीमचा फोन आला. विचारत होती, फूल वळतं तिथं बाणा, म्हणजे आडवा धागा, सैल सोडायचा की ओढून धरायचा. मी म्हणालो, हे तुला कशाला? ती म्हणाली, तुमच्या कामाचा व्हिडिओ करतेय, खाली माहिती लिहायची आहे. मी नीट सांगितलं. सैलही नाही, ओढूनही नाही, धोटा निघतो तेव्हा अंगठ्यानं नुसतं अडवायचं, दार लावताना आवाज होऊ नये म्हणून अडवतात तसं. ती म्हणाली, थांबा, परत सांगा. मी परत सांगितलं. वीस मिनिटं बोललो. मुलीला या कामाची इतकी गोडी आहे, हे पाहून अभिमान वाटला. व्हिडिओ चांगला होईल.

ऑडिटच्या दिवसांत तिला दुपारी तीनला वेळ कसा मिळाला, हे विचारायचं राहिलं.

१२ नोव्हेंबर

दिगंत मला नदीकडं घेऊन गेला. मोटारसायकलवर, मग चालत. काठ उभा तुटलेला. त्यानं पाण्याकडं बोट करून सांगितलं, तिथं आमचं पहिलं घर. त्याच्या अलीकडं दुसरं. आता आहोत ते तिसरं. नदी जमीन खाते. काठ जवळ आला की घर सोडवायचं, बांबू खांद्यावर घ्यायचे, मागं सरकायचं. मी विचारलं, आधी काय हलवता? तो म्हणाला, माग. आई दुसऱ्या कशाला हात लावू देत नाही तोपर्यंत.

मी त्याला सांगितलं, माझा माग हलत नाही. जमिनीत कमरेएवढा खड्डा आहे, त्यात पाय सोडून बसायचं. आजोबांनी खणलेला. वर छप्पर तीनदा बदललं, खड्डा तोच. त्याला ते फार आवडलं. त्यानं विचारलं, तुमच्यानंतर कोण बसणार?

मी म्हणालो, खड्डा राहील.

परत येताना तो गाणं म्हणत होता. मी विचार करत होतो की हे उत्तर मी का दिलं.

१३ नोव्हेंबर

उद्या निघायचं. आज दिवसभर कांड्या भरल्या. डुकरं पायापर्यंत येऊन जातात, हे आज संध्याकाळी दिगंतनं सांगितलं तेव्हा लक्षात आलं.

एक गोष्ट कळली ती लिहितो. विणणाऱ्याला समोरची एक ओळ दिसते. कांड्या भरणारा बाजूला बसतो, त्याला सगळं कापड दिसतं. आज मागाच्या खालच्या पट्टीवर जुनाकीबाईंचा पाय दोनदा चुकला. दोन्ही वेळा त्यांच्या आधी मला कळलं. एकदा मी नुसता खाकरलो. त्यांनी पाहिलं, उसवलं, माझ्याकडं न बघता.

म्हणजे शमशादला आणि तहरीमला माझ्या चुका दिसत असणार. तहरीम आठ वर्षांची असल्यापासून त्या बाजूला बसते आहे. आता ती सव्वीसची आहे. अठरा वर्षं. ती कधी खाकरली नाही.

निरोपाला जुनाकीबाईंनी एक पंचा दिला. पांढरा, लाल काठाचा. दिगंत म्हणाला, यातलं सूत तुम्ही भरलेल्या कांड्यांचं आहे. पहिल्यांदाच मी भरलेल्या कांडीचं कापड दुसऱ्यानं विणलेलं हातात घेतलं. कडा सरळ आहेत. माझ्या कांड्या बऱ्या होत्या.

१६ नोव्हेंबर, संभाजीनगर

काल संध्याकाळी पोचलो. एकट्यानं गेलो, एकट्यानं आलो. चिकलठाण्याहून रिक्षावाल्यानं मला बाहेरचा समजून लांबून नेलं. त्याला गल्ल्यांची नावं सांगून जवळच्या रस्त्यानं आणलं.

घरात सगळे जास्तच प्रेमानं वागले. शमशादनं पाणी आणून दिलं, तहरीमनं बॅग उचलली, ओवैस शिफ्ट संपवून थेट घरी आला. खांदा कसा आहे, चार वेळा विचारलं. मागाकडं कुणी बघत नव्हतं. मागावर चादर घातली होती. मी जाताना घातली नव्हती.

आज सकाळी चादर काढली. गुंडाळलेलं कापड उलगडून ओळी मोजल्या. बत्तीस.

पुन्हा मोजल्या. मी चौदा सोडून गेलो होतो.

शमशाद दारात होती.   ती म्हणाली, "ऑडिट-वडिट कुछ नहीं था जी. छुट्टी ली थी उसने. मैं ही बोली उसको लेने." मग म्हणाली, मला बोलायचं ते बोला, तिला नको.

 नाही सांगितलेलं असताना मुलगी खड्ड्यात उतरली. मला दोन हजार किलोमीटर लांब पाठवून उतरली. घरातले सगळे त्यात होते. फोनवर मी स्वतः तिला अंगठा कसा ठेवायचा ते सांगितलं, वीस मिनिटं. राग कुठून सुरू करावा हेच कळेना.

दिवसभर भिंग घेऊन बसलो. चौदावी ओळ माझी, पंधरावी तिची. पंधरावीत तिचा हात घाबरला आहे. सोळावीतही. अठरावीपासून घाबरलेला नाही. अकरा तारखेच्या सुमारास जी ओळ विणली असेल, तिथपासून फुलाचं वळण बदललं आहे. तिथं बाणा अंगठ्यानं अडवलेला आहे, मी सांगितला तसा. माझ्या नवव्या ओळीत एक धागा निसटलेला सापडला. तो मला माहीत नव्हता. तिला माहीत असणार.

संध्याकाळी तहरीम कांड्यांची टोपली घेऊन आली, माझ्याकडं बघून तशीच परत गेली.  

१७ नोव्हेंबर

अप्पाराव सकाळी न सांगता आले. शालीचं काय, हे विचारायला. खांद्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाले, राजनंदिनी म्हणते बाजारातली चालेल, पण मी म्हटलं बघून तरी येतो.

मी चादर काढली. अप्पारावांना कापड कळतं. तीन पिढ्यांचं दुकान आहे. त्यांनी चष्मा लावला, कापड खालून वर बोटांनी पाहत आले आणि वरच्या भागावर बोटं थांबली.

"वहाबभाई, उगाच घाबरवलंत राव. खांदा गेला म्हणतात अन् हे वरचं तर खालच्यापेक्षा घट्ट आलंय. हात लई सुधारला तुमचा."

तहरीम चहा घेऊन दारात उभी होती. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. तिनं ट्रेकडं पाहिलं, मग जमिनीकडं. मला कळलं की तीही गप्पच बसणार आहे. तशी तिला सवय आहे. अठरा वर्षांची.

मी म्हणालो, "ते माझं नाही."

अप्पाराव हसले. मग कुणाचं?

"हिचं. तहरीमचं. चौदा ओळी माझ्या, पुढच्या अठरा हिच्या."

अप्पारावांनी चष्मा काढला. तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, खड्ड्याकडं पाहिलं. म्हणाले, "लपवून ठेवली होती का तुम्ही?"

मी म्हणालो, "व्हय."

चहा गार झाला. अप्पारावांनी तसाच प्यायला. जाताना तिला म्हणाले, पोरी, अठ्ठावीसला जमेल का? विचारलं तिला, मला नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं. ती म्हणाली, जमेल, काका.

ते गेल्यावर ती रडायला लागली. शमशादही. मला ते जमत नाही. मी भिंग घेतलं, कापड उलगडलं आणि तिला जवळ बोलावलं. एकतिसाव्या ओळीत, डावीकडून तिसऱ्या फुलाशी, तिचा पाय घाईत पडला होता. मी येणार म्हणून शेवटच्या दिवशी घाई केली असेल. दाखवलं.

"अब्बा, ये तो किसी को नहीं दिखेगा."

"मला दिसलं."

"कितना खोलूं?"

"एकतीस, बत्तीस, दोन्ही ओळी. आजच."

तिनं डोळे पुसले, ओढणी कमरेला बांधली आणि खड्ड्यात उतरली. कशी उतरते ते मी पाहिलं. आधी उजवा पाय, मग काठावर हात टेकून डावा. मीही तसाच उतरतो. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारपर्यंत उसवत होती.  एकदा मी खाकरलो, तेव्हा तिनं लगेच धागा सोडला. तीन वाजता पुठ्ठा लावला, धोटा टाकला, फणी मारली.

मी काठावर उभा होतो. आजोबांचा खड्डा, अब्बांचा माग. पंचेचाळीस वर्षं मी त्याच्या आत बसलो. तो चालताना वरून कसा दिसतो, हे मी आज पाहिलं.